पीयूसीपासून प्लगपर्यंत: पेट्रोल स्कूटरवरून इलेक्ट्रिकवर जायचंय, तर सुरुवात कुठून करायची

माझी आधीची स्कूटर ३१ मार्च २०१७ ला घेतलेली. त्या दिवशी शोरूमबाहेर रांग होती, कारण दोनच दिवस आधी, २९ मार्चला, सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की १ एप्रिलपासून बीएस-३ (धुराच्या जुन्या, सैल मर्यादेतल्या) गाड्या विकायच्या नाहीत, मग राहिलेला माल हजारो रुपये कमी करून काढायला सुरुवात झाली आणि आम्हीपण धावत जाऊन एक घेऊन आलो. बीएस म्हणजे काय ते तेव्हा मला माहीत नव्हतं, स्वस्त मिळतेय एवढंच कळत होतं. पुढची दोन-तीन वर्षं माझी मुलगी त्याच स्कूटरवर पुढे उभी राहून पाळणाघरात यायची, आणि सिंहगड रोडच्या सिग्नलला थांबलं की पुढच्या गाडीचा सगळा धूर सरळ तिच्या तोंडावर. एकदा ती नाकावर हात धरून "आई, चल ना" म्हणाली आणि मला पहिल्यांदा जाणवलं की आमच्या मागे उभ्या असलेल्या स्कूटरवरच्या पोरालाही आमचाच धूर जात असणार. तिथून मी हे सगळं वाचायला, विचारायला लागले. आता इलेक्ट्रिक वापरतेय, आणि ओळखीतलं कोणी ना कोणी सारखं विचारत असतं म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहितेय.

पहिली पायरी: आरसी उघडा, तारीख बघू नका, नॉर्म्स बघा

आरसी म्हणजे गाडीच्या नोंदणीचं सर्टिफिकेट. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाका, तिथे एमिशन नॉर्म्स नावाची ओळ असते आणि त्यात भारत स्टेज ३, ४ किंवा ६ असं लिहिलेलं असतं. ही एक ओळ महत्त्वाची. माझ्या जुन्या स्कूटरच्या आरसीवर नोंदणीची तारीख एप्रिल २०१७ ची होती पण गाडी बीएस-३, कारण ३१ मार्चपर्यंत विकल्याचा पुरावा असेल तर नंतर नोंदणी करायला परवानगी होती. म्हणजे नुसती तारीख बघून सेकंड हँड गाडी घेणारा माणूस सहज फसतो. तेव्हा सेकंड हँड घेताना विकणाऱ्याला आधी हेच विचारा.

आता बीएस म्हणजे काय. भारत स्टेज, गाडीच्या सायलेन्सरमधून किती घाण बाहेर आली तर चालेल याची सरकारने ठरवलेली मर्यादा, युरोपच्या युरो नॉर्म्सवरून घेतलेली. २००० साली देशभर पहिला टप्पा आला, मग शहरांपासून सुरुवात करून हळूहळू पुढचे. बीएस-४ आधी २०१० मध्ये तेरा मोठ्या शहरांत चारचाकींना आणि सगळ्या देशात, दुचाकींसकट, १ एप्रिल २०१७ पासून. त्यानंतर बीएस-५ आलंच नाही, आपण एकदम बीएस-६ वर उडी मारली, १ एप्रिल २०२० पासून.

उडी किती मोठी होती ते आकड्यांतच कळतं. डिझेल कारला बीएस-४ मध्ये नायट्रोजन ऑक्साइड किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅमपर्यंत चालायचे, बीएस-६ मध्ये ८०. काजळीचे बारीक कण २५ मिलिग्रॅमवरून ४.५ वर. हे नुसतं इंजिन बदलून होत नाही, आधी इंधन बदलावं लागतं, कारण पेट्रोल-डिझेलमधलं गंधक धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला निकामी करतं. बीएस-४ च्या इंधनात गंधक ५० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ५० भाग) असायचं, बीएस-६ च्या इंधनात १०. त्यामुळे एकाच वेळी देशभरच्या रिफायनरी, पंप, गाड्या सगळं बदलावं लागलं, आणि ते आपल्याकडे झालं, हे मला खरंच मोठं काम वाटतं. स्कूटर-बाईकमध्येही तेव्हाच कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. पुण्यात वेताळ टेकडीवर जी एआरएआय ही गाड्यांवर संशोधन करणारी संस्था आहे ना, टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांना नावापुरतं माहीत असतं, तिथे अशा नॉर्म्सच्या चाचण्या होतात, गाडी रोलरवर चढवून ठरलेल्या वेगाने पळवतात आणि धूर गोळा करून मोजतात.

लॅबमध्ये पास आणि रस्त्यावर भलतंच, ही गडबड २०१५ मध्ये अमेरिकेत फोक्सवॅगनच्या प्रकरणात उघड झालीच होती. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून बीएस-६ चा दुसरा टप्पा आला तेव्हा गाडीवर यंत्र बसवून प्रत्यक्ष रस्त्यावर धूर मोजायची अट त्यात घातली गेली. कार नवीन घेत असाल तर ती दुसऱ्या टप्प्यातली असते, सेकंड हँड घेताना मात्र २०२० ते २०२३ मधली आहे की नंतरची ते बघा.

दुसरी पायरी: पीयूसी खरीखुरी करून घ्या

इलेक्ट्रिक घ्यायला अजून वर्ष-दोन वर्षं लागणार असतील तर तोपर्यंत जी गाडी आहे ती नीट ठेवणं हे पहिलं काम आहे, आणि हे बहुतेक लोक करतच नाहीत. नवीन गाडीला पहिलं वर्षभर पीयूसी, म्हणजे धुराच्या तपासणीचं सर्टिफिकेट, लागत नाही, नंतर बीएस-४ आणि बीएस-६ ला वर्षाची मिळते, त्याहून जुन्या गाड्यांना सहा महिन्यांची. नसेल तर मोटार वाहन कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

मला एकदा एका सेंटरवर गाडी बंद असतानाच, सायलेन्सरला नळी न लावता सर्टिफिकेट मिळालं. त्या दिवशी वेळ वाचला म्हणून मी खूश होऊन घरी आले, आणि दोन महिन्यांनी कळलं की एअर फिल्टर पार चोंदलेला, गाडी कधीपासून जास्त पेट्रोल खात होती. खरी टेस्ट झाली असती तर तेव्हाच कळलं असतं. म्हणून आता मी उभी राहून बघते: पेट्रोल गाडीत नळी सायलेन्सरमध्ये आत घातली पाहिजे, इंजिन चालू पाहिजे, आणि स्क्रीनवर कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बनचे आकडे यायला पाहिजेत. डिझेलला ॲक्सिलरेटर दाबून धुराचा दाटपणा मोजतात. आणि एक टीप, टेस्टला जाताना गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करून न्या, कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गरम झाल्याशिवाय कामच करत नाही, थंड गाडी चांगली असूनही नापास होऊ शकते.

हेही लक्षात ठेवा की पीयूसीमध्ये नायट्रोजन ऑक्साइड आणि बारीक कण मोजलेच जात नाहीत, जे छातीला सगळ्यात जास्त त्रास देतात. म्हणजे पीयूसी पास याचा अर्थ गाडी स्वच्छ असा नाही, ती एकदम बिघडलेली नाही एवढाच.

बाकी काळजी साधीच आहे. एअर फिल्टर वेळेवर बदला, ऑइल वेळेवर, टायरमध्ये हवा. आवाजासाठी सायलेन्सर बदलू नका, त्यात कन्व्हर्टर असतो तो पण निघून जातो. डिझेल कार असेल आणि रोज शाळा-बाजार-घर एवढंच फिरत असाल तर काजळी पकडणारा फिल्टर भरून जातो, डॅशबोर्डवर दिवा लागतो, तेव्हा मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर वीसेक मिनिटं एकसारख्या वेगाने पळवावी लागते तेव्हा तो साफ होतो. खरं सांगायचं तर फक्त गावातल्या गावात फिरणाऱ्याने बीएस-६ डिझेल घेऊच नये.

तिसरी पायरी: आठवडाभर किलोमीटर लिहून काढा

इथेच सगळा निर्णय होतो, त्यामुळे कंटाळा करू नका. सोमवारी सकाळी ओडोमीटरचा फोटो काढा, रविवारी रात्री परत. मी रोज ४० च्या आसपास जाते-येते, महिन्याला साधारण ९६० किलोमीटर. पेट्रोल १०४ रुपये धरा, ॲव्हरेज ४५ धरा, तर २,२०० रुपये होतात. इलेक्ट्रिक स्कूटरला चार्जिंगमधली गळती धरून किलोमीटरला ३५ वॅट अवर लागतात असं धरा, म्हणजे महिन्याला ३४ युनिट (एक युनिट म्हणजे १,००० वॅट अवर), युनिटला १२ रुपये धरले तरी ४०० च्या आसपास. वाचले १,८००. दोन गाड्यांच्या किमतीत २८,००० चा फरक असेल तर पंधरा-सोळा महिन्यांत वसूल.

आता माझी जाऊ रोज सहा किलोमीटर जाते, तिचं महिन्याचं पेट्रोलच ३५० रुपयांचं, वाचणार २९० रुपये, वसूल व्हायला आठ वर्षं. तिला मी स्पष्ट सांगितलं की तुझी बीएस-६ स्कूटर चांगली चाललीय, ती मोडीत काढून नवी घेऊ नकोस, नीट सर्व्हिसिंग कर आणि ती संपली की मग इलेक्ट्रिकचा विचार कर. नवी गाडी, नवी बॅटरी बनवायलाही खाणी आणि कारखाने लागतातच.

युनिटचा हिशोब करताना एक चूक सगळे करतात, बिलातला सरासरी दर धरतात. महावितरणचे दर स्लॅबमध्ये असतात, १०० युनिटपर्यंत एक, मग ३०० पर्यंत त्याच्या वरचा, असे. गाडीचे युनिट तुमच्या आत्ताच्या वापराच्या वर चढणार, म्हणून जो शेवटचा स्लॅब लागतो त्याचाच दर धरा. महिन्याला २८० युनिट वापरणाऱ्या घरात ३४ युनिट वाढले की थोडे युनिट ३०० च्या पुढे जातात आणि तिथे दर जास्त असतो. तरीही पेट्रोलपेक्षा स्वस्तच पडतं, पण बिल बघून धक्का बसायला नको.

आणि हो, किलोमीटर लिहिताना त्यातले किती बसने किंवा मेट्रोने होऊ शकतात तेही बघा. इलेक्ट्रिक म्हणजे फक्त स्वतःची गाडी असं नाही, पुण्याच्या पीएमपी बससेवेच्या ताफ्यात २०१९ पासून इलेक्ट्रिक बस आहेत. एसटीची पहिली बस १ जून १९४८ ला पुणे-नगर धावली होती आणि एसटीची पहिली इलेक्ट्रिक शिवाई बरोबर १ जून २०२२ ला त्याच पुणे-नगर रस्त्यावर सुरू झाली, मला ही गोष्ट फार आवडते. रोजचा रस्ता बसच्या लाइनवर असेल तर गाडी घ्यायची गरज आहे का हाही प्रश्न स्वतःला विचारा.

चौथी पायरी: गाडी बुक करायच्या आधी प्लग

लोक उलटं करतात, गाडी आणतात आणि मग पार्किंगमध्ये वायर कुठून आणायची म्हणून फिरतात. स्कूटरचा घरगुती चार्जर साधारण गीझरपेक्षा बराच कमी लोड घेतो, पण गीझर पंधरा मिनिटं चालतो आणि हा चार-पाच तास. त्यामुळे घरातलं एक्स्टेन्शन बोर्ड खिडकीतून खाली सोडून चार्ज करणं बंद करा, ते गरम होतं आणि आगी अशाच लागतात. १५ अँपिअरचा सॉकेट, चांगली अर्थिंग, स्वतंत्र एमसीबी, शक्यतो शॉक लागला तर वीज लगेच तोडणारा आरसीसीबी पण. लायसन असलेल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर आपल्या मीटरवरून वायर पार्किंगपर्यंत न्यायची हा सगळ्यात सरळ मार्ग, बिल आपल्याच नावावर येतं आणि सोसायटीच्या कॉमन लाइटवरून भांडण होत नाही. सेक्रेटरींना आधी लेखी अर्ज द्या, सोबत इलेक्ट्रिशियनचा कागद जोडा. घरी किंवा ऑफिसात गाडी चार्ज करायला केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये परवानगी आहे, तेही अर्जात लिहा. आमच्या सोसायटीत पहिल्या मीटिंगला नकार आला होता, आग लागेल म्हणून. ती भीती खोटी नाही, त्यामुळे चिडू नका. आम्ही एमसीबी, पाइपातून वायर, फायर एक्स्टिंग्विशर शेजारी, असं सगळं कागदावर दिलं तेव्हा काका लोक तयार झाले, आणि आता तिथे सात पॉइंट आहेत.

पब्लिक चार्जरच्या भरवशावर स्कूटर घेऊ नका. कारमध्ये सीसीएस-२ हा फास्ट चार्जिंगचा प्लग आता बहुतेक सगळीकडे एकच झालाय, स्कूटरमध्ये अजून कंपनीगणिक वेगळं आहे.

पाचवी पायरी: शोरूममध्ये काय विचारायचं

बॅटरीचा आकडा किलोवॅट अवरमध्ये असतो, तो म्हणजे सरळ आपला वीजबिलातला युनिट. ३ किलोवॅट अवरची बॅटरी म्हणजे त्यात ३ युनिट वीज मावते. एवढं कळलं की सेल्समनची निम्मी बडबड आपोआप समजते.

जाहिरातीतली रेंज ही लॅबमधली असते. त्यातले पंचवीस-तीस टक्के वजा करून धरा, मागे कोणी बसणार असेल, कात्रज किंवा दिवे घाट रोज चढायचा असेल तर अजून थोडे. मला १४० सांगितले होते, मिळतात १०० च्या आत-बाहेर. मला ४० च लागतात म्हणून त्रास झाला नाही, पण ज्याला रोज १२० लागतात तो अडकला असता. माझा नियम असा की रोजच्या गरजेच्या दुप्पट जाहिरातीतली रेंज असावी, त्याहून जास्त बॅटरीला पैसे घालायची गरज नाही.

मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याच्या कडेला उभी असलेली एक इलेक्ट्रिक स्कूटर पेटली, तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितला असेल. त्या वर्षीच्या अशा घटनांनंतर एआयएस-१५६ नावाचे बॅटरीचे सुरक्षा नियम कडक झाले, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत. तेव्हा सेकंड हँड इलेक्ट्रिक घेताना एप्रिल २०२३ नंतर बनलेलीच घ्या. बॅटरी एलएफपी आहे की एनएमसी (लिथियम बॅटरीचे हे दोन प्रकार) तेही विचारा, एलएफपी वजनाला जड पण उन्हाळ्यात जास्त सोसते आणि जास्त वर्षं टिकते, आपल्या नागपूर-जळगावच्या उन्हात मी तीच निवडेन. वॉरंटी नुसती वर्षांत विचारू नका, किती किलोमीटरपर्यंत आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बदलून देणार ते लेखी घ्या. सर्व्हिस सेंटर घरापासून किती लांब आहे आणि तिथे गाडी किती दिवस पडून राहते ते शोरूमला नाही, सेंटरच्या दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला विचारा.

ताशी २५ किलोमीटरपर्यंत वेग आणि २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची मोटर असेल त्या गाडीला नोंदणी, लायसन काही लागत नाही. काही दुकानदार ती "खोलून" ४०-४५ ने पळवून देतात. असलं काही घेऊ नका, ते बेकायदेशीर आहे आणि उद्या कोणाला धडक बसली तर तुमच्या पाठीशी विमाही नसेल. विशेषतः सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना क्लासला जायला म्हणून अशा गाड्या देतात ते बघून मला फार काळजी वाटते.

पैशांचं थोडक्यात: इलेक्ट्रिकवर जीएसटी ५ टक्के आहे, ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकीवर सप्टेंबर २०२५ पासून १८, आधी २८ होता, म्हणजे फरक थोडा कमी झालाय. केंद्राची पीएम ई-ड्राइव्ह योजना सुरू झाली तेव्हा दुचाकीला किलोवॅट अवरमागे ५,००० आणि जास्तीत जास्त १०,००० मिळायचे, एप्रिल २०२५ पासून ते निम्म्यावर आले. अशी रक्कम दरवेळी कमी होत जाते, त्यामुळे बुकिंगच्या दिवशी चालू आकडा कोटेशनवर वेगळ्या ओळीत लिहून मागा. आरसीची नोंदणी फी इलेक्ट्रिकला माफ आहे, थर्ड पार्टी विम्यात १५ टक्के सूट आहे, पीयूसी कधीच लागत नाही. बिलात यातली फी लावली असेल तर तिथेच दाखवून द्या. राज्याचं २०२५ चं धोरण मार्च २०३० पर्यंतचं आहे, त्यात अटल सेतू, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धीवर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी ठरवलेली आहे, रोज नवी मुंबईला जाणाऱ्यांनी कार घेताना हा हिशोब जरूर धरावा. नंबर प्लेट हिरवी येते, खासगीला पांढरी अक्षरं.

सहावी पायरी: आणल्यानंतरचे पहिले महिने

उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, अर्धा-पाऊण तास थंड होऊ द्या. रोज १०० टक्के करायची गरज नाही, २० ते ८० मध्ये ठेवली की बॅटरीचं आयुष्य वाढतं, लांब जायचं असेल तेव्हा पूर्ण भरा. काढता येणारी बॅटरी घरात चार्ज करत असाल तर बेडरूममध्ये किंवा बाहेर पडायच्या दारात नको. दुसऱ्या गाडीचा चार्जर, कितीही सारखा दिसला तरी, लावू नका.

पावसात गाडी चालते, घाबरू नका. पण बॅटरीवर आयपी-६७ असं पाण्यापासून संरक्षणाचं मानांकन लिहिलेलं असतं त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास, पुरात रात्रभर असा नाही. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर आमच्या इकडे एकतानगरीत पार्किंगं बुडाली होती. अशी बुडलेली गाडी वाळल्यासारखी दिसली तरी चार्जिंगला लावायची नाही, चालू करायची नाही, इमारतीपासून लांब मोकळ्यावर ठेवायची आणि सर्व्हिसवाल्यांना बोलवायचं.

"वीज तरी कोळशाचीच ना" हे तुम्हाला दहा जण ऐकवतील. बरोबर आहे, धूर कोराडी आणि चंद्रपूरच्या कोळशाच्या वीज केंद्रांतून निघतो आणि तिथल्या लोकांना तो सोसावा लागतो, हे विसरून चालणार नाही, म्हणूनच छतावर सोलर शक्य असेल त्यांनी ते बसवावं. पण पेट्रोल इंजिनात जळलेल्या इंधनाचा पाव हिस्साच जेमतेम चाकापर्यंत पोचतो, मोटरमध्ये विजेचा बहुतांश भाग. आणि सिग्नलला, शाळेच्या गेटवर, पोरांच्या नाकाच्या उंचीवर निघणारा धूर बंद होतो, माझ्यासाठी ते खूप आहे.

शेवटची पायरी: जुनीचं काय करायचं

दहा वर्षांचं डिझेल आणि पंधरा वर्षांचं पेट्रोल बंद, हा नियम दिल्ली-एनसीआरसाठी आलेला, महाराष्ट्रात तसा नाही, त्यामुळे त्या भीतीने पडेल त्या भावाला गाडी विकू नका. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, मग तपासणी करून, पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षं वाढवता येते. विकलीत तर नाव ट्रान्सफर झाल्याशिवाय सोडू नका. खरंच संपलेली असेल तर भंगारवाल्याला देऊ नका, नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या, तिथे सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी जमा केल्याचं सर्टिफिकेट, मिळतं आणि आरटीओमधून नोंदणी रद्द होते. माझी बीएस-३ मी विकली नाही, कोणीतरी अजून दहा वर्षं पळवली असती. स्क्रॅपला दिली, हातात फार थोडे पैसे आले, सर्टिफिकेट कपाटात ठेवलंय.